विटांची घरे, मधली बाग आणि चाळीस वर्षांचा करार : सनीसाइड गार्डन्स

१/
१९३० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात एक विलक्षण लढाई झाली. घरे रिकामी करून घेण्यासाठी आलेल्या शेरीफच्या माणसांवर पीठ आणि मिरपूड फेकण्यात आली. दारांपुढे वाळूची पोती रचली गेली, काटेरी तारा ओढल्या गेल्या. लढणाऱ्यांत शिक्षक होते, कारकून होते, कारागीर होते. सर्वांत नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. ज्या कंपनीशी हा झगडा चालला होता ती कुणी नफेखोर सावकारी पेढी नव्हती. सामान्य माणसाला स्वस्तात, उजेडाचे, बागेकडे उघडणारे विटांचे घर मिळावे याच एका हेतूने ती स्थापन झाली होती, आणि स्वतःच्या नफ्यावर तिने स्वतःच मर्यादा घालून घेतली होती.

आजचा धागा त्या वसाहतीविषयी : सनीसाइड गार्डन्स, बांधणीचा काळ १९२४ ते १९२८.

२/
गोष्ट समजण्यासाठी आधी न्यूयॉर्कचा भूखंड समजून घ्यावा लागतो. या शहरात जमिनीची विक्री २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल अशा पट्ट्यांनी होत आली. एका कुटुंबाच्या घरासाठी हा पट्टा ठीक होता. परंतु एकोणिसाव्या शतकात त्याच पट्ट्यावर पाच-सहा मजली भाड्याच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा त्याचे रूपांतर अंधाऱ्या बोगद्यात झाले. खोलीमागे खोली, त्यामागे आणखी एक खोली. खिडकी फक्त पहिल्या आणि शेवटच्या खोलीला. १८७९ च्या कायद्याने मधल्या खोल्यांना हवेची चिंचोळी पोकळी देणे भाग पाडले. त्या पोकळीतून हवेपेक्षा कचरा आणि धूरच जास्त आला. १९०१ च्या कायद्याने सुधारणा केली, पण त्यानंतरही आतल्या भूखंडाचा ७० टक्के भाग इमारतीखाली जाऊ शकत असे.

हा ७० चा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायचा आहे.

३/
पहिल्या महायुद्धात अमेरिकेत एक प्रयोग घडला. गोदी कामगारांसाठी घरे हवी होती, म्हणून केंद्र सरकारने प्रथमच मोठ्या प्रमाणावर वसाहती बांधल्या. फ्रेडरिक ॲकरमन हा वास्तुरचनाकार त्याआधी इंग्लंडला जाऊन तिथली युद्धकालीन घरे पाहून आला होता. हेन्री राइट हा नगररचनाकारही याच सरकारी कामात होता. युद्ध संपताच काँग्रेसने घरे विकून टाकण्याचा आदेश दिला आणि सरकारने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. ज्यांनी चार चांगल्या वसाहती उभ्या केल्या होत्या त्यांच्या हातात कौशल्य राहिले, काम मात्र राहिले नाही. इकडे न्यूयॉर्कमध्ये घरांची एवढी टंचाई झाली की भाडेकरूंचे संप झाले आणि १९२० साली राज्याला भाडेनियंत्रणाचे तातडीचे कायदे करावे लागले.

४/
१९२३ साली काही मंडळी न्यूयॉर्कमध्ये एकत्र जमू लागली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट हे रचनाकार, बेंटन मॅके हा वनशास्त्रज्ञ, अलेक्झांडर बिंग हा बांधकाम व्यावसायिक, आणि तिशीच्या आतला एक लेखक, लुईस ममफर्ड. त्यांनी आपल्या मंडळाला ‘रीजनल प्लॅनिंग असोसिएशन ऑफ अमेरिका’ असे भारदस्त नाव दिले. प्रत्यक्षात तो वीस-एक जणांचा अभ्यासगट होता.

या गटाकडे दोन पुस्तकांचा वारसा होता. एक, एबेनेझर हॉवर्डचे १८९८ सालचे पुस्तक, जे १९०२ मध्ये ‘गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो’ या नावाने पुन्हा निघाले आणि ज्यातून १९०३ साली लेचवर्थ हे उद्याननगर उभे राहिले. दुसरे, रेमंड अन्विनची १९१२ सालची छोटी पुस्तिका. हॉवर्डविषयी सगळेच बोलतात. मला मात्र अन्विनची पुस्तिका अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात स्वप्न नाही, हिशेब आहे.

५/
अन्विनचा हिशेब असा. दहा एकर जमीन घ्या. रूढ पद्धतीने तिच्यावर एकाला एक समांतर रस्ते आखा आणि दोन्ही बाजूंना घरांच्या दाट रांगा लावा. घरांची संख्या खूप भरते, पण जमिनीचा मोठा हिस्सा रस्त्यांत जातो आणि रस्ता ही बांधकामातली अतिशय महागडी वस्तू आहे : खडीकरण, फरसबंदी, गटारे, दिवे. आता तीच जमीन घेऊन घरे फक्त कडेने लावा आणि मध्यभाग मोकळा सोडा. घरे कमी होतात, पण मधले रस्ते नाहीसे झाल्याने त्यांचा खर्चही वाचतो. प्रत्येक घराच्या वाट्याला येणारी जमीन कितीतरी पटींनी वाढते, खर्चातली वाढ मात्र त्या मानाने थोडी राहते.

थोडक्यात, बाग ही श्रीमंतांची चैन नाही. रस्त्यावरचा अनावश्यक खर्च टाळला तर ती जवळजवळ त्याच पैशात मिळते. लंडनजवळच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये त्याने आणि बॅरी पार्करने १९०७ पासून हे करून दाखवले होते. त्यासाठी १९०६ साली पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागला, कारण प्रचलित नियमांत अरुंद, वळणदार रस्ते बसतच नव्हते. सनीसाइडच्या माणसांना असा कायदा मिळणार नव्हता.

६/
इथे मुंबईचा धागा येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही.

ममफर्डचा गुरू होता पॅट्रिक गेडीस, स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगरविचारक. १९१४ मध्ये गेडीस भारतात आला, इथल्या अनेक शहरांचे अहवाल त्याने लिहिले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाचा तो पहिला प्रमुख झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये याच गेडीसच्या शिफारशीने इंग्लंडला शिकायला गेले. गेडीस आणि ममफर्ड यांची ओळख आधी पत्रांतूनच झाली; गुरू मुंबईत, शिष्य न्यूयॉर्कमध्ये. १९२३ च्या उन्हाळ्यात गेडीस अमेरिकेला गेला तेव्हा दोघांची प्रथम भेट झाली आणि या नव्या अभ्यासगटासमोर तो बोललाही.

त्याच्या भारतीय अहवालांत एक सूत्र सतत येते. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता फाडू नका. चार पडकी घरे काढा, तिथे झाड लावा, पार बांधा, विहीर साफ करा, आणि वस्ती जगू द्या. म्हणून सनीसाइडची मधली बाग गिरगावातून आली असे म्हणणे हा शुद्ध भाबडेपणा ठरेल. आराखडा अन्विनच्या वळणाचा आहे. पण समोर जे शहर आहे ते तसेच गृहीत धरून त्याच्या पोटात जागा शोधायची, ही जी वृत्ती सनीसाइडमध्ये दिसते ती गेडीसच्या विचाराशी फार जवळची आहे. १९२५ साली ममफर्डला मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले गेडीस.

७/
१९२४ साली बिंगने ‘सिटी हाउसिंग कॉर्पोरेशन’ स्थापन केले. स्वतः बिंग आणि त्याचा भाऊ लिओ मॅनहॅटनमध्ये उच्चभ्रू इमारती बांधून श्रीमंत झाले होते, तेव्हा या धंद्यात नफा किती असतो हे त्याला नेमके ठाऊक होते. नव्या कंपनीने भागधारकांना कमाल ६ टक्के लाभांश देण्याचे ठरवले. त्यापलीकडचा पैसा पुढच्या वसाहतीत घालायचा. इंग्लंडमध्ये याच प्रकाराला ‘पाच टक्क्यांचा परोपकार’ म्हणत. बिंगने एक टक्का वाढवला इतकेच.

जमीन मिळाली ती पेनसिल्व्हेनिया रेल्वेची. १९१० साली सुरू झालेल्या सनीसाइड यार्डाला, म्हणजे रेल्वेडब्यांच्या त्या अफाट आगाराला लागून असलेली सुमारे ७७ एकर पडीक जागा. १९१७ पासून तिच्याजवळून उन्नत रेल्वे धावू लागली होती आणि मॅनहॅटन काही मिनिटांवर आले होते.

८/
स्टाइन आणि राइट यांनी इंग्लंडमध्ये पाहिलेल्या वळणदार वाटा इथे आणायच्या होत्या. क्वीन्सच्या अभियंता खात्याने नकार दिला. रस्त्यांची चौकट नकाशावर आधीच आखलेली आहे, ती बदलणार नाही. जागेवर तेव्हा गवत आणि चिखल होता, पण नकाशा पक्का होता.

मग त्यांनी चौकट स्वीकारली आणि भूखंड नाकारला. हा या साऱ्या कथेतला खरा शोध आहे असे मला वाटते. रस्त्यांमधला लांबट ठोकळा, सुमारे २०० फूट रुंद आणि ६०० ते ९०० फूट लांब, हाच एक भूखंड मानायचा. त्याचे २५ फुटी तुकडे करायचेच नाहीत. घरे कडेने, मध्ये मोकळे.

आणखी एक गंमत. ही जागा निवासी क्षेत्रात नसून औद्योगिक वापराच्या क्षेत्रात मोडत होती. त्यामुळे निवासी क्षेत्राचे बारीकसारीक निर्बंध तिला लागू नव्हते आणि एका कुटुंबाचे, दोन कुटुंबांचे, तीन कुटुंबांचे घर आणि सदनिकांची इमारत ही सारी एकाच रांगेत बसवता आली. कारखान्यांसाठी राखलेली जागा नसती तर इतकी मोकळीक मिळाली नसती.

९/
आता घर पाहू. राइटचा आग्रह असा की घर दोन खोल्यांपेक्षा खोल नको. समोर एक खोली, मागे एक खोली. म्हणजे प्रत्येक खोलीला बाहेरची भिंत, प्रत्येक खोलीला खिडकी, आणि एका बाजूने आलेला वारा दुसऱ्या बाजूने जाणार. मधली अंधारी खोली हा प्रकारच नाहीसा झाला. घर उथळ झाले म्हणून ठोकळ्याच्या मध्यभागी जागा शिल्लक राहिली. बाग आधी आखून घरे तिच्याभोवती बसवली असे चित्र पाहताना वाटते; मला तरी आराखड्यावरून उलटे दिसते. खोलीची मापे शहाणपणाने ठरली आणि त्यातून बाग उरली.

बांधकामाखाली गेलेली जमीन : सुमारे २८ टक्के. शेजारी तो ७० चा आकडा ठेवून पाहावा.

१०/
आणि वीट. हडसन नदीच्या काठी चिकणमातीचे प्रचंड थर आहेत. तिथल्या भट्ट्यांत भाजलेली साधी लाल वीट पडावांतून नदीने खाली येई आणि निम्मे न्यूयॉर्क तिच्यावर उभे राहिले. सनीसाइडची घरे याच विटेची. ही दर्शनी, गुळगुळीत, निवडक वीट नव्हे. श्रीमंत घरात जी वीट आतल्या भिंतीत किंवा मागच्या बाजूला लपवत, तीच इथे समोर मिरवली गेली. कारण सरळ होते : स्वस्त, आगीला न जुमानणारी, आणि रंगरंगोटीचा वारंवार खर्च नको असणारी. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये एकच सामायिक भिंत, म्हणजे बाहेरच्या भिंती निम्म्या आणि हिवाळ्यात ऊबही टिकते.

धोका होता तो कंटाळ्याचा. एकाच विटेच्या शेकडो घरांची रांग म्हणजे कोठारांची रांग दिसायला वेळ लागत नाही. त्यावर त्यांनी दागिने चढवले नाहीत. काही घरे रस्त्यापासून थोडी मागे घेतली. कुठे उतरते छप्पर दिले, कुठे सपाट. दारापुढे लहान ओटा किंवा पडवी. छपराच्या कडेला विटाच थोड्या पुढे-मागे, उभ्या-आडव्या रचून नक्षी काढली. वेगळे साहित्य लागले नाही, वेगळी कल्पकता लागली. गवंड्याचा हात ओळखू यावा अशी ही भिंत आहे.

या विटेची एक काळी बाजूही नोंदवायला हवी. हडसनकाठच्या हॅव्हरस्ट्रॉ गावात मातीसाठी इतके खोल खणले गेले की ८ जानेवारी १९०६ च्या रात्री गावाचा एक भाग त्या खड्ड्यात कोसळला आणि किमान १९ माणसे दगावली. स्वस्त विटेची किंमत कुणीतरी कुठेतरी मोजतच होते.

११/
बागेची रचना मार्जोरी स्यूएल कॉटली यांची. कॉर्नेल विद्यापीठातून १९१७ साली भूदृश्यरचनेचे शिक्षण घेतलेल्या या बाईंचे नाव स्टाइन आणि राइट यांच्या सावलीत बराच काळ झाकले गेले. रस्त्याकडेला लावलेले लंडन प्लेन वृक्ष (काश्मिरी चिनाराचे जवळचे नातलग) शहराच्या धुरातही तगतात. आज ते घरांहून उंच झाले आहेत आणि भिंतीचा तांबडा रंग पानांतून तुकड्यातुकड्यांनीच दिसतो.

आतल्या बाजूला प्रत्येक घरामागे थोडी खासगी बाग, आणि तिच्यापलीकडे सर्वांची सामायिक हिरवळ. मध्ये भिंत नाही, फार तर कमरेइतके झुडपांचे कुंपण. रस्ता ओलांडल्याशिवाय लहान मूल एका घरातून दुसऱ्या घरी जाऊ शकते. मोटारींची गॅरेजे वसाहतीच्या कडेला, सामायिक. याशिवाय सुमारे साडेतीन एकरांचे एक क्रीडोद्यान, रहिवाशांच्या मालकीचे.

१२/
प्रत्येक ठोकळ्याला नाव मिळाले : कोलोनियल कोर्ट, हॅमिल्टन कोर्ट, जेफरसन कोर्ट, लिंकन कोर्ट. १९२८ पर्यंत १,२०२ कुटुंबांची सोय झाली. ममफर्ड पत्नीसह १९२५ साली इथे राहायला आला, आधी सदनिकेत, नंतर रांगेतल्या घरात, आणि अकरा वर्षे राहिला. नगररचनेवर आयुष्यभर लिहिणारा माणूस स्वतःच्या मंडळाने आखलेल्या वसाहतीत राहतो, भाजी आणतो, मुलाला हिरवळीवर सोडतो, ही गोष्ट तशी दुर्मीळ आहे. बहुतेक नियोजक आपण आखलेल्या घरात एक रात्रही काढत नाहीत.

१३/
याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेले बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून कामगारांसाठी चाळी बांधत होते. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, सिमेंट-काँक्रीटच्या, प्रत्येक कुटुंबाला एक खोली. दोन्ही प्रकल्पांचा प्रश्न एकच होता : औद्योगिक शहरात सामान्य माणसाने राहायचे कसे. सनीसाइडने सुरुवात खिडकीपासून केली, बीडीडीने खोल्यांच्या संख्येपासून. तुलना याहून पुढे नेऊ नये. मुंबईच्या गिरणी कामगाराचे उत्पन्न सनीसाइडच्या कारकुनाच्या जवळपासही नव्हते, आणि खुद्द सनीसाइडही न्यूयॉर्कच्या सर्वांत गरीब माणसापर्यंत कधी पोहोचले नाही. स्टाइनने हे पुढे स्वतः मान्य केले. सरकारी मदतीशिवाय तळच्या माणसाला नवे घर परवडत नाही, हा त्याच्या अनुभवाचा निष्कर्ष होता.

१४/
आता करार. धाग्याच्या शीर्षकात तो आहे, कारण माझ्या मते वसाहतीचा सर्वांत नाजूक भाग विटेत नव्हता, कागदात होता.

मधली हिरवळ कुणाची? दिसायला सर्वांची. कायद्याने पाहिले तर प्रत्येक घरमालकाची जमीन ठोकळ्याच्या मध्यापर्यंत जात होती. म्हणजे सामायिक बाग ही प्रत्यक्षात शेजारी-शेजारी ठेवलेल्या खासगी पट्ट्यांची बनली होती. ती एकसंध राहावी म्हणून प्रत्येक खरेदीखतात सुविधाधिकार नोंदवला गेला : मधल्या भागात कुंपण घालायचे नाही, बांधायचे नाही, सर्वांना वापरू द्यायचे, घराच्या बाह्यरूपातही मनमानी बदल करायचा नाही. देखरेखीला प्रत्येक कोर्टाचे विश्वस्त. मुदत चाळीस वर्षे.

चाळीस वर्षे ऐकायला पुष्कळ वाटतात. १९२४ च्या माणसाला १९६४ हे साल किती दूरचे दिसत असेल!

१५/
त्याआधी १९२९ आले.

घरे रोख पैशांवर विकली गेली नव्हती. सुमारे दहा टक्के रक्कम आधी आणि उरलेली पहिल्या व दुसऱ्या तारणावर, मासिक हप्त्यांनी. चांगल्या काळात ही सोय फार सोयीची होती; भाडे भरता भरता माणूस मालक होत असे. मंदीत पगार उतरले, नोकऱ्या गेल्या, घराची बाजारातली किंमत कोसळली. कर्जाचा आकडा मात्र खरेदीच्या दिवशी होता त्याच हिशेबाने चालत राहिला. घराची किंमत घटली म्हणून हप्ता घटत नाही. ज्यांनी बचतीतला पैसा घातला होता त्यांची ती बचत सर्वांत आधी बुडाली, कारण घसरणीचा पहिला फटका मालकाच्या हिश्श्याला बसतो, तारणदाराच्या नव्हे.

१६/
रहिवाशांनी समिती स्थापन केली. आपल्यापैकी किती जणांचे उत्पन्न किती घटले याची पाहणी केली आणि व्याज कमी करावे, मुद्दलाची फेड काही काळ थांबवावी अशा मागण्या मांडल्या. कंपनीकडे देण्यासारखे काही उरले नव्हते. तिने १९२८ मध्ये न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची याहून महत्त्वाकांक्षी वसाहत हाती घेतली होती. मंदीने तिला तिथेच गाठले आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. तारणे बँका आणि विमा कंपन्यांच्या हाती होती. १९३५ साली रहिवाशांनी हप्ते भरणे संघटितपणे थांबवले. त्यानंतर आल्या त्या जप्त्या, ती वाळूची पोती आणि ती मिरपूड.

संप हरला. निम्म्याहून अधिक घरमालकांनी घरे गमावली.

१७/
इथे क्षणभर थांबावेसे वाटते. इतके लोक इतक्या लवकर एकत्र कसे आले? अमेरिकेत त्या वर्षांत लाखो घरे जप्त झाली. बहुतेक कुटुंबे एकेकटी, मुकाट्याने, सामान गाडीवर लादून गेली. सनीसाइडच्या लोकांपाशी एक गोष्ट जास्त होती. त्यांची मुले एकाच हिरवळीवर खेळली होती. कोर्टाच्या विश्वस्तांच्या सभांत त्यांना एकमेकांशी भांडण्याची आणि ठराव करण्याची सवय लागली होती. कुणाच्या घरी काय चालले आहे हे मागच्या दारातून दिसत होते. शेजार घडवणे हा स्टाइन-राइट-बिंग यांचा जाहीर हेतू होता. तो शेजार खरोखर घडला, आणि पहिल्याच मोठ्या प्रसंगी तो आपल्या निर्मात्यांच्या कंपनीविरुद्ध उभा राहिला.

बिंगला याचे अतिशय वाईट वाटले असणार. तरीही रचनेच्या यशाचा याहून कडक पुरावा मला दुसरा सुचत नाही. घराचा आराखडा शेजार घडवू शकतो. हप्ता भरू शकत नाही.

१८/
ममफर्ड १९३६ साली सनीसाइड सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण भागात कायमचा राहायला गेला. त्याच वर्षी हेन्री राइट वारला. ममफर्डचा मुलगा गेडीस दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीत मारला गेला, वय १९. बापाने १९४७ साली त्याच्यावर एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘ग्रीन मेमरीज’.

१९/
विटांची घरे मंदीतून वाचली. घरात राहणारी माणसे बदलली एवढेच. स्टाइनने तर मंदीच्या ऐन मध्यात, १९३१ साली, शेजारीच फिप्स गार्डन अपार्टमेंट्स ही विटांचीच, मधल्या बागेभोवतीची इमारत उभी केली, बागेसाठी पुन्हा कॉटलींनाच घेऊन. ती भाड्याची होती. सनीसाइडच्या अनुभवानंतर मालकी की भाडे या प्रश्नाचे उत्तर साहजिकच वेगळे दिसू लागले होते.

आणि मग १९६० च्या दशकाच्या मध्यावर एकेका कोर्टाच्या कराराची मुदत संपू लागली.

काही मालकांनी आपल्या पट्ट्यात कुंपण घातले. कुणी घरापुढची बाग फरसबंद करून तिथे मोटार उभी केली, कुणी मागे गच्ची वाढवली, कुणी छपरावर खोली चढवली. यांपैकी कुणीही कायदा मोडत नव्हता. जमीन त्यांचीच होती; चाळीस वर्षे ती दुसऱ्यांना वापरू देण्याचे वचन होते, ते पुरे झाले होते. पण लांबट हिरवळीच्या मध्यात चार कुंपणे पडली की उरलेल्यांच्याही वाट्याला तुकडेच येतात. उद्यान एकसंध असते तोवरच उद्यान असते. एका मालकाचा हक्क बजावला गेला की त्याची किंमत सगळा ठोकळा मोजतो.

२०/
१९७४ साली शहराने सनीसाइड गार्डन्सला नियोजित वसाहतींच्या जतनासाठीच्या विशेष क्षेत्रात घातले. १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नाव आले. २००७ साली न्यूयॉर्कच्या वारसा जतन आयोगाने वसाहतीला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा दिला, आणि तो निर्णय एकमताने झाला असे समजू नये. रहिवाशांतच दोन तट पडले होते. एका बाजूचे म्हणणे, अजून काही वर्षे थांबलो तर जतन करायला काही उरणार नाही. दुसऱ्या बाजूची तक्रार, खिडकी बदलायची तरी आयोगाची परवानगी काढायची आणि ठरावीक नमुन्याचीच महागडी खिडकी घ्यायची, हे सामान्य उत्पन्नाच्या माणसाला कसे परवडावे? ही वसाहत त्याच्यासाठीच बांधली होती ना?

माझे मत पहिल्या बाजूकडे झुकते. मात्र दुसऱ्या बाजूचा शेवटचा प्रश्न मला अजून निरुत्तर करतो. आज तिथले घर घेणे कारागिराच्या किंवा कारकुनाच्या आवाक्यातले राहिलेले नाही.

२१/
वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर मोबाइलवर उपग्रह-नकाशा उघडावा आणि क्वीन्समधल्या स्किलमन ॲव्हेन्यूच्या आजूबाजूचे ठोकळे जवळ आणून पाहावेत. उत्तरेला सनीसाइड यार्डाचे रूळ दिसतील, ती चांगली खूण आहे. कडेने घरांच्या रांगा आणि मध्ये हिरवा पट्टा. काही ठोकळ्यांत तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातो. काहींत कुंपणांच्या बारीक रेषांनी त्याचे आयत पडलेले दिसतात. ज्या रेषा दिसतात त्यांतल्या बहुतेक १९६४ नंतरच्या आहेत.